अमुक वर्षांची जादूगारीण

एका राज्यात एक राजा न्यायाने राज्य करीत होता आणि अंदाजाने हिशेब करीत होता. त्याचे नाव विभवसेन. नदीला पाणी किती, कोठारात धान्य किती, सीमेवर शत्रूचे घोडे किती, असे कोणी विचारावे, राजाने डोळे मिटावे, मिशीला पीळ द्यावा आणि आकडा ठोकून द्यावा. दहांतून एखादे वेळी आकडा बरोबर निघे. त्या दिवशी नगारखान्यात नोबत झडे. बाकीच्या वेळी राणी धीरावती मुकाट्याने निस्तरत बसे.

राणी वेगळ्या मातीची होती. तिला एखादी गोष्ट ठाऊक नसली, की ती म्हणे, "ठाऊक नाही." दरबारात या उत्तराला काडीची किंमत नव्हती.

राजाच्या वाढदिवसाला सातव्या डोंगरावरून जादूगारीण नीलकुंतला जेवायला आली. तिचे केस काळेभोर, टाचेपर्यंत रुळणारे. चेहरा तिशीतला. चांदीच्या पाटावर ती बसायला गेली आणि तिचे गुडघे कट्कन वाजले. राजाचे कान तिखट होते. तो कौतुकाने म्हणाला, "देवी, चेहरा काहीही सांगो, गुडघे खोटे बोलत नाहीत. आपले वय नव्वद."

पंगत थबकली. वाढप्याच्या हातातला डाव हवेतच राहिला. नीलकुंतलेने तोंडातला घास शांतपणे गिळला आणि ओला हात राजाच्या दिशेने झटकला. राजाच्या पाटावर एक भोपळा बसलेला दिसला. डोक्यावर मुकुट होता आणि मुकुटातून हिरवा देठ वर आला होता. भोपळ्याला बोलता येत होते, ही त्यातल्या त्यात वाईट गोष्ट.

प्रधान धावत पुढे झाला. "देवी, महाराज चुकले. आपले वय पन्नास." प्रधानाचा दोडका झाला. सेनापती म्हणाला, "पंचवीस." सेनापतीचा सुरण झाला, आणि ज्या सेवकाने त्याला उचलले त्याचे हात दिवसभर खाजत राहिले. राजज्योतिषाने पंचांग उघडले, बोटांच्या पेरांवर गणित मांडले आणि म्हणाला, "सत्त्याहत्तर." त्याचे लांबलचक पडवळ पंचांगावर आडवे पडले. त्यानंतर पंगतीत कोणी तोंड उघडले नाही.

शाप दिला की उःशाप द्यावा लागतो, असा जादूगारांचा नियम आहे. नीलकुंतला नाइलाजाने म्हणाली, "जो कोणी माझे खरे वय भरदरबारी, माझ्या समोर सांगेल, तो यांना सोडवील. अंदाज केला तर त्याचीही भाजी होईल. माझे बालपण कमळतळ्याच्या बगळ्याने पाहिले. माझी विद्या गुरुवनातल्या राघू-मैनेने पाहिली. तेव्हापासून आजवरचे आयुष्य माझ्या गडाचा द्वारपाल यक्ष पाहतो आहे. त्यांना खुशाल विचारा. मात्र मी त्यांच्या जिभा बांधल्या आहेत. वर्षांचा आकडा त्यांच्या तोंडून निघणार नाही."

"मुदत किती, देवी?" राणीने विचारले.

"भोपळ्याचा देठ हिरवा आहे तोवर. देठ वाळला की राजा कायमचा भोपळा." इतके बोलून तिने श्रीखंड मागून घेतले.

राणी उठली. भोपळा मागे ठेवायची सोय नव्हती, कारण मुदपाकखान्यात नवा आचारी आला होता आणि त्याला मोठ्या भोपळ्याची फार हौस होती. तिने राजाला काखेत घेतले आणि एकटीच निघाली.

वेशीबाहेर पडताच राजा म्हणाला, "राणीसाहेब, चिंता नको. कमळतळे फार तर तीन कोस." बोलता बोलता भोपळा चार बोटे फुगला. तळे पाच कोसांवर होते. तेव्हा राणीला कळले, की राजाचा अंदाज चुकला की भोपळा वाढतो.

"महाराज, कृपा करून बोलू नये," ती म्हणाली.

"मी आता मुळीच बोलणार नाही," राजा म्हणाला, आणि हाही अंदाजच असल्यामुळे आणखी एक बोट फुगला.

कमळतळ्यात बगळा एका पायावर उभा होता. इतका जुना, की त्याच्या पाठीवर शेवाळ आले होते. राणीने येण्याचे कारण सांगितले.

"सांगेन," बगळा म्हणाला. "पण माझे एक संकट आहे. मी एका पायावर उभे राहण्याचे व्रत घेतले आहे. दुसरा पाय टेकला की व्रत मोडते, आणि हा पाय तर भरून आला आहे. सूर्य मावळेपर्यंत माझ्या जागी कोणी उभे राहिले, तर व्रतही राहील आणि माझा पायही."

राणीने पदर खोचला. काठावर शेळ्या चरत होत्या आणि भोपळ्याकडे टक लावून पाहत होत्या, म्हणून तिने राजाला डोक्यावर घेतले, तळ्यात उतरली आणि एक पाय वर उचलला. बगळा दोन्ही पायांनी चालत काठावर गेला, लहान पोरासारखा तीनदा इकडून तिकडे फिरला आणि सावलीत झोपी गेला.

चिखलात राणीचा पाय रुतत होता. मासे टाचेला टोचत होते. वरून आवाज आला, "राणीसाहेब, धीर धरा. घटकाभरच राहिली आहे." ओझे वाढले. "बरे, दोन घटका." ओझे पुन्हा वाढले.

"महाराज," राणी दात आवळून म्हणाली, "बोलता आपण आणि मान मोडते माझी."

सूर्य मावळला तेव्हा भोपळा घागरीएवढा झाला होता. बगळा परत आला, आपल्या जागी उभा राहिला आणि म्हणाला, "नीलकुंतला या तळ्याकाठी जन्मली. आजच्या वयाचा बरोबर तिसरा हिस्सा ती इथे, आईच्या घरी राहिली. वर्षे सांगायला गेलो की जिभेला गाठ पडते. तिसरा हिस्सा, एवढेच सांगता येते."

"किती वयाचा तिसरा हिस्सा?" भोपळ्याने विचारले.

"तेच तर शोधायला आला आहात," बगळा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

गुरुवनात गुरू कधीच समाधिस्थ झाला होता. आश्रमापुढच्या जांभळीवर राघू आणि मैना बसले होते. राघू पूर्वेच्या फांदीवर, मैना पश्चिमेच्या. दोघांच्या पाठी एकमेकांकडे.

राणीने नमस्कार करून विचारले. राघू म्हणाला, "सांगायला माझी हरकत नाही. पण या झाडावर मी एकटा काही सांगत नसतो. आधी तिला माझ्याशी बोलायला सांगा."

"त्यांना म्हणावे, आधी त्यांनी बोलावे," मैना म्हणाली.

"किती काळ अबोला आहे आपला?" राजाने मध्येच तोंड घातले. "पन्नास वर्षे?" आणि घागरीचा रांजण झाला. राणीने त्याला झाडाला टेकवून ठेवले, कारण तो आता उतारावरून आपोआप घरंगळू लागला होता.

तिने दोघांना आळीपाळीने विचारले, तेव्हा भांडण समजले. त्यांना एक पिलू झाले होते. राघूला त्याचे नाव गगनराज ठेवायचे होते, मैनेला सोनुला. नाव ठरेना. नाव ठरण्याआधीच पिलाला पंख फुटले आणि ते उडून गेले. पुढे राघू "आपला गगनराज" म्हणाला, की मैना कान झाकी. मैना "माझा सोनुला" म्हणाली, की राघू पाठ फिरवी. असे करता करता पिलाविषयी बोलणेच बंद झाले, आणि मग सगळेच बोलणे.

राणी जांभळीच्या बुंध्याला टेकून बसली. ते पिलू कोठे आहे, कसे आहे, त्याने स्वतःचे नाव काय ठेवून घेतले आहे, हे तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता. शेवटी ती म्हणाली, "त्याचे खरे नाव आपल्याला माहीत नाही. नसू दे. माहीत होईपर्यंत त्याला अमुक म्हणा. अमुक म्हटल्याने कोणाचे काही जात नाही, आणि बोलता तर येते."

झाडावर वारा वाहत राहिला. मग मैना पलीकडेच पाहत म्हणाली, "अमुकच्या शेपटीत एक पिवळे पीस होते."

"दोन होती," राघू म्हणाला. "दुसरे तुला दिसत नसे. तो माझ्याकडे पाठ करून झोपायचा."

"अमुक जांभळाच्या बिया गिळायचा."

"गिळायचा. मी रागवायचो."

संध्याकाळपर्यंत दोघे एका फांदीवर आले. अमुक किती खायचा, कसा अडखळत उडायला शिकला, हे सांगताना त्यांना राणीची आठवणही राहिली नाही. अंधार पडू लागला तशी मैना खाली वाकून म्हणाली, "बाई, नीलकुंतला आजच्या वयाचा चौथा हिस्सा या आश्रमात राहिली. आली तेव्हा ती चांगली मोठी होती. बाकीचे शिष्य आठ-आठ वर्षांचे. तिला आजीबाई म्हणून चिडवायचे. गुरूने एकदा सगळ्यांसमोर तिचे वय विचारले, तेव्हा त्या रात्री ती या झाडाखाली रडली. सकाळी उठली आणि पहिली विद्या शिकली ती केस काळे करण्याची."

राणीने ते मनात ठेवले. राजानेही ते ऐकले, आणि प्रथमच त्याला काही बोलावेसे वाटले नाही.

नीलकुंतलेचा गड सातव्या डोंगरावर होता. रांजण उचलवत नव्हता, म्हणून राणी त्याला ढकलत वर नेऊ लागली. राजा गरगर फिरत होता, आणि तोंड वर आले की म्हणे, "आता शेवटचे वळण." वळणे पुष्कळ होती. वर पोचेपर्यंत रांजणाची कोठी झाली आणि ती गडाच्या दारात घट्ट अडकून बसली.

आतून द्वारपाल यक्षाने वाकून पाहिले. त्याचे नाव तुंदिल. पोट नगाऱ्याएवढे होते आणि पाय जमिनीपासून वीतभर वर तरंगत होते. "दार अडले आहे," तो शांतपणे म्हणाला. "बाजूने यावे."

राणी बाजूच्या खिंडीतून आत आली. अंगणात वहाणांचा डोंगर पडला होता.

"देवी हा गड बांधून राहायला आली, तेव्हापासून दर पाडव्याला मला वहाणांचा एक जोड देते," यक्ष म्हणाला. "यक्षाचे पाय भुईला लागत नाहीत. पण देणाऱ्याचे मन मोडू नये, म्हणून मी घेतो आणि जपून ठेवतो. परवा माकडांनी सगळे जोड विस्कटले. ते जुळवून दे."

राणी बसली. डावी उजवीला लावावी, तर अंगठा वेगळा निघे. अंगठा जुळवावा, तर टाच वेगळी. काही वहाणा उंदरांनी कुरतडलेल्या, काहींत चिमण्यांनी घरटी केलेली. दारातून राजा म्हणाला, "चाळीस जोड तरी असतील," आणि दाराची चौकट कुरकुरली.

"महाराज, भिंत पडेल," यक्ष म्हणाला.

सारे जोड ओळीने लागले. राणीने मोजले, चौतीस. तिने यक्षाकडे पाहिले. "आता सांगावे. देवी या गडावर किती वर्षे आहे?"

"माझ्या तोंडून आकडा निघत नाही," यक्ष म्हणाला. "वहाणांना मात्र देवीने बांधलेले नाही."

राणी उठून निघाली आणि थांबली. यक्षाचे धोतर पार खालपर्यंत आले होते. "रागावू नये. जरा धोतर वर घ्यावे," ती म्हणाली. यक्ष लाजला आणि त्याने धोतर वर घेतले. त्याच्या पायांत यंदाच्या पाडव्याचा कोरा जोड होता. पस्तीस झाले.

दाराबाहेर येऊन राणी धुळीत बसली. भोपळ्याच्या देठाचा एक धागा तेवढा हिरवा उरला होता, बाकी सारा तपकिरी. राजाला तो दिसत नव्हता, पण राणीचा चेहरा दिसत होता. तो हळूच म्हणाला, "फार वाळला का?"

"वाळला आहे," राणी म्हणाली. "घाई मात्र करायची नाही. तिचे वय आपल्याला माहीत नाही. नसू दे. तूर्त त्याला अमुक म्हणू."

"माहीत नसलेल्या आकड्याचे काय करायचे?"

"माहीत असल्यासारखे वागवायचे. हे पाहा. एका पारड्यात अमुक, म्हणजे तिचे सगळे आयुष्य. दुसऱ्या पारड्यात अमुकचा तिसरा हिस्सा आईकडचा, अमुकचा चौथा हिस्सा गुरूकडचा, आणि पस्तीस वर्षे या गडावरची. दोन्ही पारडी समान, कारण दोन्हींत तीच बाई आहे."

तिने धुळीत मोठी भाकरी काढली. "हा अमुक. याचे बारा सारखे तुकडे करू, म्हणजे तिसरा हिस्साही निघेल आणि चौथाही."

"चिरण्याचे उदाहरण नको होते," भोपळा म्हणाला.

"तिसरा हिस्सा म्हणजे चार तुकडे. चौथा म्हणजे तीन." तिने सात तुकड्यांवर खडे ठेवले. "हे सात गेले. उरले पाच. हे पाच तुकडे म्हणजेच गडावरची पस्तीस वर्षे. महाराज, एका तुकड्यात किती वर्षे?"

राजाने सवयीने डोळे मिटले. मिशी असती तर पीळही दिला असता. मग त्याने डोळे उघडले. "थांबा," तो म्हणाला. "पस्तीसचे पाच सारखे वाटे करू द्या." तो बराच वेळ पुटपुटत होता. "सात."

भोपळा बोटभर आत आला. दार सैल झाले.

"आणि असे तुकडे बारा," राणी म्हणाली.

"बारा साते चौऱ्याऐंशी," राजा म्हणाला, आणि भोपळा सुटून बाहेर घरंगळला. राणीने उलटे मोजून ताळा पाहिला. आईकडे अठ्ठावीस, गुरूकडे एकवीस, गडावर पस्तीस. मिळून चौऱ्याऐंशी.

"चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा ऐकला होता," राजा म्हणाला. "मी नेमका भोपळ्याच्या योनीत सापडलो." थोडे थांबून तो म्हणाला, "तरी मी सहाच वर्षांनी चुकलो होतो."

"सहा वर्षांनी, आणि भर पंगतीत," राणी म्हणाली.

यक्षाने आपला तरंगता गाडा दिला, म्हणून परतीची वाट लवकर सरली. राजधानीत दरबार भरला. भोपळा कसाबसा सिंहासनावर, आणि दोडका, सुरण, पडवळ आपापल्या आसनांवर ठेवले होते. सुरणाचा एक कोपरा शेळीने खाल्ला होता, आणि त्या शेळीलाही पश्चात्ताप झाला होता. सज्जात लोक दाटले होते. नवा आचारीही आला होता, दरवाजाशी, भाबड्या आशेने.

इतके दिवस राजवाड्यातच पाहुणी राहिलेली नीलकुंतला सिंहासनासमोर उभी राहिली. "सांग," ती म्हणाली.

राणीने तोंड उघडले. तेवढ्यात तिला दिसले, की जादूगारणीची बोटे नकळत केसांच्या मुळांशी गेली आहेत. सज्जातल्या बायका पुढे वाकल्या होत्या. भाट शेंडी सावरून बसला होता, कारण ऐकलेला आकडा संध्याकाळपर्यंत सात गावांत पोचवायचा होता. राणीला जांभळीखालचे रडणे आठवले. आकडा तिच्या जिभेवर होता. तिने तो मागे घेतला. देठाचा हिरवा धागा तिच्या डोळ्यांदेखत पिवळा पडू लागला होता, तरी ती विचार करीत उभी राहिली. लोक कुजबुजू लागले. भोपळा मात्र काही बोलला नाही.

मग राणी मोठ्याने, साऱ्या दरबाराला ऐकू जाईल असे म्हणाली, "देवी, आपले वय मी सांगते. त्याची चौपट करून सोळा मिळवावे. त्याचीच तिपट करून शंभर मिळवावे. दोन्हीकडे एकच आकडा येईल. ज्या वयाला असे होते, ते आपले वय. दुसऱ्या कोणत्याही वयाला तसे होत नाही."

भाटाने बोटांवर मोजायला सुरुवात केली, चौपटीपाशी अडकला आणि शेजाऱ्याला विचारू लागला. शेजारी छताकडे पाहू लागला.

नीलकुंतलेने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. एकदा चौपट, एकदा तिपट. मग तिने डोळे उघडून राणीकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. चौऱ्याऐंशी वर्षांत आले नव्हते तसे.

"खरे आहे," ती म्हणाली. "भरदरबारी सांगितलेस, माझ्यासमोर सांगितलेस, आणि खरे सांगितलेस."

तिने हात झटकला. दोडक्याचा प्रधान झाला, पडवळाचा ज्योतिषी झाला, सुरणाचा सेनापती झाला आणि आपलेच दंड कराकरा खाजवू लागला. सिंहासनावर राजा विभवसेन बसला होता. मुकुट वाकडा, देठाच्या जागी केसांचा एक ताठ झुबका. नवा आचारी सुस्कारा सोडून परत गेला आणि त्याने वरणाला फोडणी दिली.

राजा सिंहासनावरून उतरला, जादूगारणीपुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "देवी, मी चुकलो. आकड्यात चुकलो ते सोडा. विचारल्याशिवाय बोललो."

"ते खरे," नीलकुंतला म्हणाली. त्या दिवशी ती राणीशेजारी जेवली. चौपट आणि तिपट असेच का घ्यायचे, दुसरे काही घेता येते का, हे तिने जेवता जेवता विचारून घेतले, आणि निघताना राजाला नव्हे, राणीला नमस्कार केला. भाट मात्र पुढे बरेच दिवस चौपट आणि तिपट घेऊन गावोगाव हिंडत होता, आणि प्रत्येक गावात वेगळेच वय निघत होते.

पाहुणे गेले. राणी आपल्या महालात मंचकावर बसली आणि तिने पाय लांब केले. तळ्यातल्या चिखलाने टाचा फाटल्या होत्या, डोंगराने पोटऱ्या बांधून आल्या होत्या. राजा आत आला, दासीला बाहेर जायला सांगून स्वतः पायाशी बसला.

"पाय फार दुखतात का?" त्याने विचारले.

"किती दुखत असतील, सांगा पाहू," राणी म्हणाली.

राजाने डोळे मिटले, तोंड उघडले, पुन्हा मिटले. मग त्याने तेलाची वाटी जवळ ओढली आणि राणीचा पाय मांडीवर घेतला.

त्या राज्यातला गुंता जसा सुटला, तसा ऐकणाऱ्यांचा आणि सांगणाऱ्यांचाही सुटो.